लुआर खोऱ्यात सायकलने फिरताय? या चुका टाळा

नदी समुद्राकडे वाहते, आपणही तिच्याबरोबर जायचं, म्हणजे सगळा उतारच. फ्रान्समधल्या लुआर नदीकाठच्या सायकलमार्गाचा बेत आखताना बहुतेक जण हाच हिशेब मांडतात. मीही मांडला होता. तिसऱ्या दिवशी ब्लुआच्या पुढे एका सरळसोट पूरबांधावर, जवळपास सगळ्यात हलका गिअर टाकून ताशी 12 किलोमीटरने रखडत होतो, तेव्हा हिशेब कुठे चुकला ते कळलं.

ऑर्लेआँजवळ नदीचं पात्र समुद्रसपाटीपासून साधारण 90 मीटरवर आहे. तिथून समुद्राजवळच्या नाँतपर्यंत तीनशेहून जास्त किलोमीटर. म्हणजे किलोमीटरमागे उतार जेमतेम 30 सेंटीमीटर. सामान लादलेल्या सायकलला तो जाणवतसुद्धा नाही. जाणवतो तो वारा. तो बहुतेक दिवस अटलांटिककडून, म्हणजे पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, आणि ऑर्लेआँनंतर खोरंही त्याच दिशेने पसरलेलं आहे. नदीबरोबर जाणारा माणूस वाऱ्याच्या तोंडी जातो. डॅन्यूबकाठी जर्मनीतल्या पासाऊहून व्हिएन्नाला गेलेल्यांची इथे हमखास फसगत होते. ती नदी पूर्वेला वाहते, त्यामुळे तिथे प्रवाह आणि वारा एकाच बाजूचे असतात. त्या अनुभवावर इथला बेत आखू नका.

उपाय सोपा आहे, पण तो तिकिटं काढण्याआधी करायचा: समुद्राकडून सुरुवात करून आत यायचं. समुद्रापर्यंत पोचण्याची हौसच असेल तर रोजचा टप्पा 15-20 किलोमीटरनी कमी धरा आणि सकाळी लवकर निघा, कारण वारा बहुधा दुपारी चढतो. दोघं-तिघं असाल तर आळीपाळीने पुढे राहा. मागच्याचे श्रम बरेच वाचतात. पूर्वेचा वारा येतच नाही असं नाही, कोरड्या स्थिर हवेत येतो, पण त्याच्या भरवशावर आरक्षणं करू नयेत. इ-बाइकवाल्यांनी तर बॅटरीचा जाहीर पल्ला समोरच्या वाऱ्यात बराच घटतो, हे धरूनच चालावं.

‘मोटारमुक्त’ म्हणजे नेमकं काय?

‘ला लुआर आ व्हेलो’ हा मार्ग सुमारे 900 किलोमीटरचा, आणि त्याचा मोठा भाग अटलांटिक ते काळा समुद्र जाणाऱ्या युरोव्हेलो 6 या लांब सायकलमार्गाचा हिस्सा आहे. माहितीपत्रकांत झाडांखालच्या निर्मनुष्य वाटेचे फोटो असतात. ते खोटे नाहीत, पण अर्धेच खरे आहेत. मार्ग तीन-चार प्रकारचे तुकडे जोडून केलेला आहे. ‘व्हुआ व्हेर्त’ म्हणजे मोटारींना खरोखर बंद असलेली वाट. तिच्या तोंडाशी चौकोनी निळी पाटी असते. ‘व्हेलोरूत’ म्हणजे नुसता सायकलींसाठी शिफारस केलेला मार्ग, आणि त्यात शेतातले छोटे डांबरी रस्ते येतात. वर्दळ कमी, पण ट्रॅक्टर येतो, पावाची गाडी येते, आणि वळणावर कोणीच नसेल असं धरून चाललेला स्थानिक ड्रायव्हरही येतो. काही पूरबांधांवर ‘सोफ रिव्हराँ’ अशी पाटी दिसते. अर्थ एवढाच, की तिथे राहणाऱ्यांच्या गाड्यांना मुभा आहे.

चूक मोटारी असण्याची नाही, चूक आपल्या गाफीलपणाची आहे. दहा किलोमीटर निवांत वाटेवर दोघं शेजारी-शेजारी गप्पा मारत चालवतात, वाट कधी रस्त्याला मिळाली ते ध्यानात येत नाही, आणि मागून हॉर्न वाजतो. लहान मुलं बरोबर असतील तर आदल्या रात्री नकाशावर फक्त मोटारी चालणाऱ्या रस्त्याचे तुकडे रंगवून ठेवा. कानात इअरफोन घालून सायकल चालवायला फ्रान्समध्ये 2015 पासून बंदी आहे. 12 वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे. रात्री किंवा अंधुक उजेडात गावाबाहेर चकाकतं जाकीट लागतं.

आणि मोटारी नाहीत म्हणजे वाट आपली, असंही नाही. व्हुआ व्हेर्तवर चालणारे, स्केटिंग करणारे, कुत्री फिरवणारे, काही ठिकाणी घोडेस्वारही असतात. घोड्याच्या मागून येताना घंटी वाजवू नका, लांबूनच बोलत या. माणसाचा आवाज त्याला ओळखीचा असतो.

खांब

याला वेगळा मथळा द्यावा एवढे अपघात यातून होतात. गाड्या आत येऊ नयेत म्हणून मोटारमुक्त वाटेच्या प्रत्येक तोंडाशी मधोमध खांब किंवा नागमोडी अडसर असतात. एकट्याला ते दिसतात. पण रांगेत चालवताना पुढचा शेवटच्या क्षणी बाजूला होतो आणि मागच्याच्या पुढ्यात एकदम खांब येतो. आमच्यातला एक जण असाच पडला. मनगट वाचलं, पुढचं चाक वाचलं नाही. तेव्हापासून आमचा नियम: पुढच्याने ‘खांब!’ ओरडायचं, हात करून दाखवायचं, आणि क्रॉसिंग जवळ आलं की अंतर वाढवायचं. रुंद पॅनियर, म्हणजे चाकाशेजारी लटकवलेल्या सामानाच्या पिशव्या, अडकतात, मुलांचा ट्रेलर तर कित्येकदा आडवा करून न्यावा लागतो. ट्रेलर भाड्याने घेताना रुंदी विचारा.

चाक, चेन आणि पांढरी धूळ

रस्त्यावरच्या सायकलीचे 25-28 मिलिमीटरचे टायर घेऊन येणं ही दुसरी नेहमीची चूक. बरेच पट्टे डांबरी असले तरी मधूनमधून दाबून बसवलेल्या चुनखडी खडीची वाट लागते, आणि पुरानंतर तिच्यावर वाळूचा थर बसतो. 35 ते 40 मिलिमीटरचे टायर आणि नेहमीपेक्षा थोडी कमी हवा, इतकं पुरतं. वाळूत सायकल वळवू नका, ब्रेक दाबू नका. वजन मागे टाकून सरळ पॅडल मारत राहा.

ती पांढरी धूळ ओल्या तेलाच्या चेनवर बसली की उगाळल्यासारखी दातऱ्यांना खाते. चेन कुरकुरली की लोक आणखी तेल ओततात आणि त्रास वाढतो. आधी फडक्याने चेन कोरडी पुसा, मग कोरड्या हवेसाठीचं पातळ तेल कडी-कडीवर एकेक थेंब लावा आणि पुन्हा पुसा. पावसानंतर ब्रेक किंचाळत असतील तर पॅडमध्ये खडीचा कण रुतलाय का ते आधी बघा. काटेरी कुंपणं नुकतीच छाटलेली असतील तर पंक्चर ठरलेलं. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर दहा मिनिटांनी तिथेच पुन्हा बसाल.

सपाट वाट जास्त दुखवते

हे कोणी सांगत नाही. घाटात माणूस उठून पॅडल मारतो, उतारावर पाय थांबवतो, सीटवरून हलतो. पूरबांधावर यातलं काहीच होत नाही. पाच तास एकाच जागी, एकाच लयीत. म्हणून डोंगर पार केलेल्यांनाही इथे दुसऱ्या दिवशी बसवत नाही आणि करंगळी-अनामिका बधिर होतात. दर 15 मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून चालवा, हाताची पकड बदला. मुंग्या थांबत नसतील तर हँडल थोडं वर घ्या आणि सीटचं टोक खाली झुकलेलं नाही ना ते बघा. झुकलेलं असलं की शरीराचा भार तळहातांवर येतो. बांधावर सावलीही नसते, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचा पट्टा गावात काढलेला बरा.

त्यातून राजवाडे. नकाशावर सगळे ‘लुआरचे’ म्हणतात, पण शाँबोर कॉसों नदीकाठी आहे, शनाँसो शेर नदीच्या पात्रावर, आझे-ल-रिदो अँद्र नदीवर. म्हणजे एका खोऱ्यातून दुसऱ्यात, मधलं पठार चढून. लुआरकाठच्या आंब्वाजहून शनाँसो बारा-पंधरा किलोमीटर, तेवढंच परत, वर आत फिरायला दोन-तीन तास. अशा दिवशी 70 किलोमीटरचा टप्पा ठेवणारा माणूस राजवाडा फक्त दारातून बघतो. मी शाँबोर तसाच पाहिला. 40-45 पुरे. सोम्यूरच्या अलीकडे तुरकाँच्या आसपास खडकात कोरलेल्या घरांच्या बाजूने वाट वर चढते, ते चढ छोटे पण तिखट आहेत.

पाणी, पाव, सोमवार

खेड्यांतली दुकानं दुपारी दोनेक तास बंद असतात, रविवारी दुपारनंतर बरीचशी बंद, आणि सोमवारी पुष्कळ बेकऱ्या उघडतच नाहीत. शनिवारीच दोन दिवसांची तजवीज करा. पाणी संपलं तर चर्चच्या आसपास किंवा गावाबाहेरच्या दफनभूमीत नळ असतो. मात्र ‘नाँ पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते पिण्याचं नाही. मुक्कामासाठी ‘आक्यय व्हेलो’ चिन्ह बघा: मार्गापासून 5 किलोमीटरच्या आत, सायकल कुलपात ठेवायची जागा आणि दुरुस्तीची जुजबी हत्यारं असलेली ठिकाणं ती.

वाट बंद असेल तर

पिवळी ‘देव्हियासियों’ (वळणमार्ग) पाटी दिसली की कित्येक जण अडथळा ओलांडून ‘बघू तरी’ म्हणून पुढे जातात. लुआर हिवाळ्यात आणि वसंतात चढते. खालच्या अंगाची वाट पाण्याखाली असेल तर तिथे गुडघाभर पाण्यातही काय खचलंय ते दिसत नाही. फ्रान्सची ‘व्हिजिक्र्यू’ ही सरकारी पूरसूचना सेवा नदीचा प्रत्येक भाग हिरव्या, पिवळ्या, नारिंगी, लाल रंगात दाखवते. सकाळी निघताना ती बघा. वळणमार्ग घेताना पुढचा पूल कुठे आहे ते आधी शोधा. पूल दूरदूर आहेत, आणि चुकीच्या काठावर राहिलात तर फेरा मोठा पडतो. उन्हाळ्यात पाणी उथळ दिसतं म्हणून वाळूच्या बेटांकडे चालत जाऊ नका. वाळू पायाखालून सरकते, दरवर्षी माणसं बुडतात.

शेवटचे वीस किलोमीटर

मार्ग सँ-ब्रेव्हाँ-ले-पाँला समुद्राशी संपतो आणि तिथे रेल्वे स्टेशन नाही, हे बऱ्याच जणांना वाळूवर फोटो काढून झाल्यावर कळतं. समोर सँ-नाझेरचं स्टेशन दिसतं, मध्ये 3,356 मीटर लांबीचा उंच पूल. त्यावर शेजारून ट्रक जातात आणि आडवा वारा सायकल ढकलतो. सायकलने तो ओलांडू नका. उन्हाळ्यात सायकली नेणाऱ्या बसची सोय असते, तिची वेळ आधी बघून घ्या. मला त्याहून बरं वाटलं ते किनाऱ्याने दक्षिणेला पोर्निकला जाणं: वीस-पंचवीस किलोमीटर, आणि पोर्निकहून नाँतला लोकल गाडी मिळते. पुढे टीजीव्ही, म्हणजे वेगवान रेल्वेगाडी, पकडायची असेल तर सायकलची जागा आधी आरक्षित करा, किंवा चाकं काढून 130 बाय 90 सेंटीमीटरच्या पिशवीत भरा. पॅडल काढायचा 15 नंबरचा पाना बरोबर असू द्या. माझा नव्हता, आणि रविवार होता.