फोरट्रानमधून एफएफटीडब्ल्यू वापरताय? या चुका टाळा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मोटारी आणि पंपांचं व्हायब्रेशन तपासून देणारे आम्ही काही लोक अजून फोरट्रान ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषाच वापरतो. प्रोग्रॅम जुना आहे, उत्तर बरोबर देतो, मग बदलायचा कशाला? त्यातलं फूरिये रूपांतराचं काम, म्हणजे सिग्नलात कुठल्या वारंवारता किती आहेत ते वेगळं काढण्याचं, एफएफटीडब्ल्यू करते. मॅटेओ फ्रिगो आणि स्टीव्हन जॉन्सन यांनी एमआयटीत लिहिलेली ही लायब्ररी १९९७ पासून लोकांच्या हातात आहे. १९९९ साली तिला आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरसाठीचं विल्किन्सन पारितोषिकही मिळालं. लायब्ररी सी भाषेतली, हाक मारणारा फोरट्रान, आणि घोळ होतो तो या दोघांच्या मधल्या बोळात. बडोद्यात प्रोजेक्ट करायला येणारी इंजिनिअरिंगची मुलं मात्र दरवर्षी एकच निदान घेऊन येतात : "सर, लायब्ररीत बग आहे." नसतो रे बाबांनो. आजवर बघितलेल्या अशा प्रत्येक प्रकरणात बग आपल्याच पंचवीस ओळींत निघाला आहे.

प्लॅनला चार बाइटांत कोंबणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

एफएफटीडब्ल्यू आधी प्लॅन आखते, म्हणजे रूपांतर कुठल्या पद्धतीने करायचं ते ठरवते, मग तो चालवते. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये हा प्लॅन आपण एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवतो. प्रत्यक्षात त्यात सीचा पॉइंटर असतो, म्हणजे मेमरीतला पत्ता. ६४ बिटांच्या मशीनवर पत्त्याला ८ बाइट लागतात, म्हणून व्हेरिएबल इंटिजर*८ हवं. मुलं नुसतं इंटिजर लिहितात आणि ४ बाइट मिळवतात. काही जण तेवढेही कष्ट घेत नाहीत. मग फोरट्रान स्वतःच्या मनाने ठरवतो : आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी नावं इंटिजर, उरलेली रिअल. प्लॅन 'पी'वरून, म्हणून तो रिअल. बाइट पुन्हा चारच. आणि जुन्या कॉलमध्ये प्रकार तपासायची सोयच नसल्यामुळे कंपायलर अवाक्षर काढत नाही.

एका पंपवाल्या कारखान्यातला प्रोग्रॅम ३२ बिटांच्या पीसीवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत होता. त्या मशीनवर पत्ताच ४ बाइटांचा, त्यामुळे साधं इंटिजर पुरून जायचं. पीसी मेला, नवा आला, आणि प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्ट (नको त्या मेमरीला हात लावल्याची तक्रार) देऊन कोसळायला लागला. तिथे नव्याने लागलेल्या मुलाने कुठे अडतंय ते शोधायला मध्ये एक प्रिंटची ओळ घातली, 'इथपर्यंत आलो'. आणि प्रोग्रॅम चालला! दुसरा कोणी असता तर घाबरला असता. याने देवाचे आभार मानले आणि ओळ तशीच ठेवली. प्रोग्रॅमचं आउटपुट थेट रिपोर्टच्या फाइलमध्ये जायचं, त्यामुळे पुढचे कित्येक महिने गिऱ्हाइकांच्या रिपोर्टात आकड्यांच्या वर 'इथपर्यंत आलो' छापून येत राहिलं आणि कोणीही विचारलं नाही. शेवटी ऑडिटच्या तोंडावर कोणीतरी नीटनेटकेपणा म्हणून ती ओळ खोडली. मग मला फोन : "दादा, एक प्रिंट काढली तर सगळं बंद पडलं."

जीडीबी, म्हणजे चालत्या प्रोग्रॅमच्या आत डोकावायचं साधन, लावून बघितलं. प्लॅनच्या शेजारी सरासरीसाठीच्या तुकड्यांची संख्या ठेवली होती, १६. प्लॅन तयार होण्याचा कॉल झाला आणि त्या १६ चे झाले २१८४५. या आकड्याची आता माझी चांगली ओळख आहे. हेक्समध्ये लिहा : ५५५५. लिनक्सवर जीडीबीखाली प्रोग्रॅम चालवला की त्याची मेमरी सहसा ५५५५ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर बसते. म्हणजे ८ बाइटांच्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग शेजाऱ्याच्या घरात घुसला होता. मग लूपने १६ च्या जागी २१८४५ फेऱ्या मारायला घेतल्या आणि ॲरे संपल्यावरही तो पुढे चालत राहिला. प्रिंट असताना कंपायलर व्हेरिएबल्स वेगळ्या क्रमाने मांडत होता, घुसखोरी एका बिनकामाच्या जागेवर होत होती, एवढाच त्या ओळीचा पराक्रम. कोसळला हे नशीबच म्हणायचं. शेजारी सॅम्पलिंगचा दर असता तर प्रोग्रॅम गुमान चालला असता आणि रिपोर्ट चुकीचे गेले असते.

इलाज एका शब्दाचा, इंटिजर*८. पण माझी सवय त्याहून कडक आहे. प्रत्येक सबरूटीनमध्ये इम्प्लिसिट नन (प्रकार न सांगितलेलं नाव चालू न देणारी ओळ) नसेल तर मी पुढचा कोड वाचतच नाही. त्याने दुसराही रोग पकडला जातो. एफएफटीडब्ल्यूची इन्क्लूड फाइल विसरली तर 'एफएफटीडब्ल्यू फॉरवर्ड' हे नावसुद्धा फोरट्रान रिअल व्हेरिएबल समजतो, त्यात कचरा असतो, आणि तोच कचरा दिशा म्हणून लायब्ररीकडे जातो. यावर काही हुशार मुलं नावांऐवजी थेट आकडे लिहितात, दिशेसाठी उणे १ आणि एस्टिमेट या पर्यायासाठी ६४. चालतं, पण असला कोड माझ्या टेबलावर आणू नका.

कोड नव्याने लिहीत असाल तर एफएफटीडब्ल्यू ३.३ पासून मिळणारा फोरट्रान २००३ चा इंटरफेस घ्या. त्यात प्लॅनचा प्रकार सी-पॉइंटर असतो आणि चूक कंपायलरच पकडतो.

आधी डेटा, मग मेझर

डेटा ॲरेत भरला, मेझर हा पर्याय देऊन प्लॅन केला, चालवला, उत्तर शून्य किंवा भलतंच. मेझरमध्ये लायब्ररी वेगवेगळ्या पद्धती खरोखर चालवून वेळ मोजते आणि ते करताना तुमचेच ॲरे वापरते, आतला डेटा पुसून. प्लॅन आधी, डेटा नंतर. एकच आलेख काढायचा असेल तर एस्टिमेट, म्हणजे न मोजता अंदाजाने आखलेला प्लॅन, पुरे. मेझरचा फायदा एकाच मापाचं रूपांतर हजारो वेळा करणाऱ्यांना. पण 'जास्त फास्ट' असं कुठेतरी वाचलेलं असतं ना!

उत्तर हजारपट येतं? येणारच. पुढे आणि परत असं रूपांतर केलं की मूळ आकडा एन पट होतो, एन म्हणजे सॅम्पलची संख्या. भागाकार तुमचा तुम्ही करायचा.

नाव 'डी'ने सुरू होणारे कॉल डबल प्रिसिजनचे. त्यांना साधा कॉम्प्लेक्स ॲरे दिलात तर जागा निम्मी पडते आणि वर सांगितलेली घुसखोरी मोठ्या प्रमाणावर होते. सिंगलसाठी 'एस'वाले कॉल आणि लायब्ररीही वेगळी.

'अनडिफाइन्ड रेफरन्स' आलं तर लिंक करताना लायब्ररीचं नाव तुमच्या फाइलच्या नंतर आहे का ते आधी बघा. लायब्ररी काढून पुन्हा टाकणं हा उपाय नाही.

बडोद्यातली ५१ हर्ट्झची वीज

एका विद्यार्थिनीने मोठ्या आत्मविश्वासाने दाखवलं : सेकंदाला १००० सॅम्पल, एक सेकंदाची नोंद, आणि शिखर ५१ वर. "काका, सप्लाय ५१ हर्ट्झ आहे." आपल्या ग्रिड कोडमध्ये, म्हणजे विजेच्या जाळ्याच्या नियमांत, पट्टा आहे ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झचा. ५१ झाली असती तर ती बातमी आपल्याला टीव्हीवर कळली असती. फोरट्रानचा ॲरे १ पासून मोजतो आणि पहिल्या घरात शून्य हर्ट्झ बसतो, म्हणून ५० हर्ट्झ ५१ व्या घरात. त्याचं प्रतिबिंब, उणे ५० हर्ट्झ, ९५१ व्या घरात. त्यालाही कोणीतरी 'बेअरिंगचा दोष' म्हणतंच.

तिने सुधारून आणलं ते आणखी बिघडवून. एफएफटीला (फूरिये रूपांतर झटपट करायच्या पद्धतीला) दोनचा घातच लागतो असं कोणीतरी डोक्यात घातलेलं, म्हणून २४ शून्यं जोडून १०२४ केले. आता घराची रुंदी सुमारे ०.९७७ हर्ट्झ आणि ५० हर्ट्झ पडतो, शून्यापासून मोजलं तर, ५१.२ या जागी, दोन घरांच्या मध्ये. टोकदार शिखर पसरलं. गरजच नव्हती. एफएफटीडब्ल्यूला २, ३, ५, ७ या अवयवांचं माप आवडतं, आणि १००० म्हणजे फक्त २ आणि ५. अविभाज्य मापसुद्धा ती एन लॉग एनमध्ये, म्हणजे झटपटच, सोडवते.

खरी अडचण घाईची असते. दोन पोलांची मोटार २९५० आरपीएमने फिरत असेल तर तिची फिरण्याची वारंवारता ४९.१७ हर्ट्झ, आणि वीज ५० वर. अंतर ०.८३. रोटरचा असमतोल की विजेचा दोष, हे या अंतरावर ठरतं, आणि एका सेकंदाच्या नोंदीत दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. शून्यं कितीही जोडा, वक्र गुळगुळीत होईल, नवी माहिती येणार नाही. चार सेकंद नोंद घ्या, घर ०.२५ हर्ट्झचं होतं आणि शिखरं वेगळी दिसतात. सेन्सर तीन सेकंद जास्त धरायचा कंटाळा आणि मग रात्रभर सॉफ्टवेअरशी झटापट, हे गणित मला कधी समजलेलं नाही.

म्हणून खरा डेटा देण्याआधी मी नेहमी ५० हर्ट्झचा, उंची १ असलेला कोसाइन चालवतो. १००० सॅम्पलला ५१ आणि ९५१ या घरांत ५००, बाकी सगळीकडे जवळजवळ शून्य. एवढं आलं नाही तर पुढे जायचंच नाही.

उरलेलं थोडक्यात. जुन्या इंटरफेसमध्ये नुसता एक्झिक्यूट बोलावू नका, ॲरे सोबत देणारा एक्झिक्यूट-डीएफटी वापरा. नाहीतर ॲरे बदलला हे कंपायलरला कळत नाही आणि ऑप्टिमायझेशन लावल्यावर जुनेच आकडे हातात येऊ शकतात. अनेक मितींच्या ॲरेत जुन्या इंटरफेसला मापं फोरट्रानच्याच क्रमाने द्यायची, २००३ च्या इंटरफेसला उलट्या. रिअलपासून कॉम्प्लेक्सकडे जाताना अर्धी होणारी मिती फोरट्रानमध्ये पहिली असते, शेवटची नव्हे. आणि एकाहून जास्त थ्रेड वापरत असाल तर प्लॅन एका वेळी एकाच थ्रेडने बनवायचा. तयार प्लॅन वेगवेगळ्या ॲरेंवर एकाच वेळी कितीही थ्रेडनी चालवा.