वृद्ध आणि दिव्यांग व्यक्तींसाठी शहरातील आरोग्यसेवा सुलभ कशी करावी

शहरात रुग्णालय अंतराने जवळ असते. तरीही तिथवर पोहोचणे, पोहोचल्यावर नीट तपासून घेणे आणि सांगितलेले उपचार घरी पार पाडणे अनेक वृद्ध आणि दिव्यांग व्यक्तींना जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगात सुमारे 130 कोटी लोक, म्हणजे साधारण दर सहा जणांमागे एक जण, लक्षणीय अपंगत्वासह जगतात आणि त्यांच्यापैकी काहींचा मृत्यू इतरांपेक्षा 20 वर्षांपर्यंत आधी होतो. यामागे नेहमी मूळ आजारच असतो असे नाही; वेळेवर न झालेली तपासणी आणि अर्ध्यावर सुटलेले उपचार हेही त्यामागे असतात. दवाखाना चालवणारे, त्याच्या परिसरातील रहिवासी आणि रुग्णांचे नातेवाईक यांनी मिळून हे चित्र बदलायचे ठरवले, तर काम कोणत्या क्रमाने करावे, ते पुढे मांडले आहे.

जे येत नाहीत, त्यांच्यापासून सुरुवात

बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न विचारला जातो तो रॅम्पचा. त्याआधी गेल्या काही महिन्यांतील चुकलेल्या अपॉइंटमेंटची यादी काढावी आणि त्या लोकांना फोन करून किंवा प्रत्यक्ष भेटून कारण विचारावे. सोबत यायला कोणी नव्हते, लिफ्ट बंद होती, फोनवर बोललेले ऐकू आले नाही, मागच्या वेळी तीन तास बसावे लागले, अशी कारणे पुढे येतात आणि कोणत्या दुरुस्तीला आधी हात घालायचा, हे त्यांवरून ठरते. जो दरवाज्यापर्यंत पोहोचतच नाही, तो तक्रारपेटीत चिठ्ठीही टाकत नाही, हे विसरू नये.

नोंदणीच्या वेळी प्रत्येकाला सहा गोष्टी विचाराव्यात: पाहणे, ऐकणे, चालणे किंवा पायऱ्या चढणे, लक्षात ठेवणे किंवा लक्ष एकाग्र करणे, स्वतःचे आवरणे, आणि इतरांशी संवाद साधणे यांत किती अडचण येते. अपंगत्वाची आकडेवारी कशी गोळा करावी हे ठरवणाऱ्या ‘वॉशिंग्टन ग्रुप’ या आंतरराष्ट्रीय गटाची ही प्रश्नावली जगभर वापरली जाते आणि तिची उत्तरे चारच प्रकारची असतात: अजिबात अडचण नाही, थोडी, खूप, किंवा मुळीच करता येत नाही. अपंगत्व आहे का, असे थेट विचारल्यास अनेक वृद्ध नाही म्हणतात, कारण गुडघे आणि कान जाणे हा त्यांच्या लेखी वयाचा भाग असतो. उत्तरे केस पेपरवर वरच, सहज दिसतील अशी लिहावीत, म्हणजे दर वेळी नव्या माणसाला तेच सगळे पुन्हा सांगावे लागणार नाही.

घरापासून दारापर्यंत

यानंतर एक दिवस काढून पूर्ण प्रवास प्रत्यक्ष करावा. व्हीलचेअर वापरणारी एक व्यक्ती, कमी दिसणारी एक, कमी ऐकू येणारी एक आणि काठी घेऊन चालणारी एक वृद्ध व्यक्ती सोबत असावी. जवळ मोजपट्टी, घड्याळ आणि कॅमेरा असावा. त्यांच्या वतीने अंदाज बांधणाऱ्या धडधाकट माणसांच्या पाहणीला फारसा अर्थ नसतो.

रस्ता ओलांडण्याचा सिग्नल आवर्जून मोजावा. अनेक शहरांत पादचाऱ्यांचा वेळ सेकंदाला सुमारे 1.2 मीटर चालण्याच्या हिशेबाने ठरवलेला असतो, तर अनेक वृद्धांची चाल सेकंदाला 0.8 मीटर किंवा त्याहून कमी असते. रस्ता 12 मीटर रुंद असेल तर सिग्नल 10 सेकंद देतो. तेवढ्या वेळात ही व्यक्ती आठ मीटर जाते आणि उरलेले चार मीटर धावत्या गाड्यांसमोर काढते. अशा माणसाने तपासणी पुढे ढकलली तर त्याला निष्काळजी म्हणता येणार नाही. वाहतूक विभागाकडे अर्ज करताना हा हिशेब, रस्त्याची मोजलेली रुंदी आणि मोजलेले सेकंद लिहून द्यावेत. नुसत्या गैरसोयीच्या तक्रारीपेक्षा अशा अर्जाला उत्तर देणे विभागाला भाग पडते.

वाहनाची सोय करताना ती रस्त्याच्या कडेपर्यंत न ठेवता घराच्या दारापासून दवाखान्याच्या दारापर्यंत असावी आणि परतीचा प्रवासही त्यातच धरावा. डायलिसिसचे रुग्ण सहसा आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास उपचार घेतात. उपचारानंतर अनेकांचा रक्तदाब उतरतो, चक्कर येते, अंगात त्राण राहत नाही. सकाळी स्वतः बसने आलेला माणूस दुपारी तसाच परत जाऊ शकेल, हे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

इमारत आणि तपासणीची खोली

रॅम्पचा उतार 1:12 पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्यांची उंची चढायची तर रॅम्प किमान 5.4 मीटर लांब हवा. जागा नाही म्हणून दोन मीटरमध्ये उरकलेला रॅम्प फोटोपुरता असतो. त्यावरून खाली येणारी व्हीलचेअर सोबतच्या माणसाला आवरत नाही. रॅम्पच्या दोन्ही बाजूंना कठडे असावेत, दरवाज्याची मोकळी रुंदी सुमारे 90 सेंटिमीटर असावी आणि आत व्हीलचेअर पूर्ण वळवण्यासाठी 150 सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा असावी. स्वच्छतागृहाचे दार बाहेर उघडणारे हवे. आत कोणी कोसळले तर आतल्या बाजूला उघडणारे दार त्याच्याच शरीराने अडते.

खरी गफलत मात्र याच्या पुढे होते. प्रवेशद्वारापासून लिफ्टपर्यंत सगळे नियमानुसार असते आणि तपासणीच्या खोलीत ठरावीक उंचीचे, साधारण 80 सेंटिमीटरचे टेबल उभे असते. व्हीलचेअरची बैठक त्याहून बरीच खाली असल्यामुळे रुग्णाला टेबलावर स्वतः सरकता येत नाही, उचलायला पुरेशी माणसे नसतात, आणि मग डॉक्टर खुर्चीतच वरवर तपासून घेतात. पोट नीट दाबून पाहिले जात नाही, एकाच जागी सतत दाब पडून पाठीवर झालेली जखम (दाबव्रण) दिसत नाही, गर्भाशयमुखाची तपासणी तर पुढच्या वेळेवर ढकलली जाते. वजनाचेही तसेच: उभे राहता येत नसेल तर अंदाजे किती, असे विचारून आकडा लिहिला जातो आणि वजनावर ठरणाऱ्या औषधांची मात्रा त्या अंदाजावर बेतली जाते. म्हणून 43 ते 48 सेंटिमीटरपर्यंत खाली येणारे एक तरी तपासणी टेबल आणि व्हीलचेअरसकट वजन करणारा सपाट काटा यांना निधीत पहिले स्थान द्यावे. दर्शनी भागाच्या सुशोभीकरणाआधी ही खरेदी व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. रुग्णाला उचलण्याची वेळ आलीच तर ते प्रशिक्षित माणसांनी आणि रुग्णाला आधी विचारून करावे.

बोलणे आणि समजणे

अपॉइंटमेंट फक्त फोनवर मिळत असेल तर कर्णबधिर व्यक्ती बाहेर राहते आणि फक्त अ‍ॅपवर मिळत असेल तर अनेक वृद्ध बाहेर राहतात. दोन्ही मार्ग सुरू असावेत, शिवाय खिडकीवर जाऊनही वेळ घेता यावी. ज्यांना जास्त वेळ लागतो त्यांना सलग दोन अपॉइंटमेंटचा वेळ द्यावा आणि शक्य तितक्या तपासण्या एकाच दिवशी बसवाव्यात. टोकनचा क्रमांक पुकारलाही जावा आणि फलकावर मोठ्या अक्षरांत दाखवलाही जावा.

डॉक्टरांनी रुग्णाशी बोलावे, सोबत आलेल्या मुलाशी किंवा सुनेशी नव्हे. कमी ऐकू येणाऱ्याशी ओरडून बोलल्याने उपयोग होत नाही. समोर बसून, चेहऱ्यावर उजेड राहील असे, सावकाश बोलावे. सांकेतिक भाषेत बोलणाऱ्या रुग्णासाठी प्रशिक्षित दुभाषी बोलवावा. घरातल्या माणसाला दुभाषी केल्यास गोष्टी गाळल्या जातात आणि रुग्णही काही बोलायचे टाळतो. निघताना ‘समजले ना?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी होच असते. त्याऐवजी, ‘घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, ते मला सांगा,’ असे म्हणावे. पाच किंवा अधिक औषधे चालू असतील तर घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून आणायला सांगावे; एकच औषध दोन वेगवेगळ्या नावांनी चालू असल्याचे अशा वेळी ध्यानात येते.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी घरभेटी, घरून रक्ताचे नमुने आणि व्हिडिओ कॉल यांची सोय करावी. मात्र व्हिडिओ कॉल आहे म्हणून दवाखान्यातील पायऱ्या तशाच राहू देणे मान्य करू नये.

हक्क आणि देखरेख

संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार 2006 मध्ये स्वीकारला गेला आणि 2008 पासून अमलात आला. त्यातील नववे कलम सुगम्यतेविषयी आणि पंचविसावे कलम आरोग्याविषयी आहे. ज्या देशांनी करार मान्य केला आहे, तिथे निवेदनात या कलमांचा उल्लेख मोजमापांच्या जोडीने करावा. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये 33 शहरांतील लोकांशी बोलून तयार केलेली वृद्धस्नेही शहरांची मार्गदर्शिकाही नगर प्रशासनाला दाखवण्याजोगी आहे.

केलेली दुरुस्ती टिकतेच असे नाही. रॅम्पच्या तोंडाशी दुचाकी उभ्या राहतात, सुलभ स्वच्छतागृहात झाडू आणि बादल्या ठेवल्या जातात आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे पहारेकऱ्याला माहीत नसते. दर महिन्याला एका ठरलेल्या व्यक्तीने हे सगळे तपासावे, लिफ्ट बंद असेल तर ज्यांची त्या दिवशी अपॉइंटमेंट आहे त्यांना घरून निघण्याआधी कळवावे, आणि चुकलेल्या अपॉइंटमेंटची यादी कारणांसह पुन्हा काढून आधीच्या यादीशेजारी ठेवावी.