आपण काय वाचतो ते कोणाला दिसते : टॉर ब्राउझर नीट वापरण्याची पद्धत

मागच्या उन्हाळ्यात धरमपेठेतल्या एका अभ्यासिकेचा राउटर दुरुस्त करताना त्यातला लॉग माझ्यासमोर उघडा होता. कोणत्या फोनवरून कोणत्या संकेतस्थळाचे नाव विचारले गेले याची वेळेसह नोंद त्यात होती, आणि एका फोनला त्याच्या मालकिणीचेच नाव दिलेले होते. तिने दुपारभर सिकलसेलविषयीची संकेतस्थळे पाहिली होती. विदर्भात या आजाराचे वाहक किती घरांत आहेत आणि लग्नाची बोलणी सुरू असताना हा शब्द कसा कुजबुजला जातो, हे येथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. ती नोंद मी पाहायला नको होती, आणि ती तेथे असायलाही नको होती.

त्या संकेतस्थळांवर एचटीटीपीएस होते, म्हणजे तिने वाचलेला मजकूर राउटरला दिसत नव्हता. मात्र संकेतस्थळाचे नाव दोन ठिकाणी उघडे पडते : एकदा डीएनएसला, म्हणजे नावावरून इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेला, त्याचा आयपी पत्ता विचारताना, आणि पुन्हा टीएलएस जोडणीच्या, म्हणजे एचटीटीपीएसमागच्या सुरक्षित जोडणीच्या, पहिल्या संदेशात. डीएनएसची विचारणा एचटीटीपीएसमधून पाठवण्याची सोय २०१८ पासून प्रमाणित आहे. या सोयीने पहिली फट बुजते, दुसरी बहुधा तशीच राहते. इनकॉग्निटो खिडकी फक्त आपल्या यंत्रावरचा इतिहास पुसते, वाटेवरच्या कोणापासूनही काही लपवत नाही. व्हीपीएन, म्हणजे आपली सगळी वाहतूक एका कंपनीच्या सर्व्हरमधून झाकून नेणारी सेवा, घेतल्यास अभ्यासिकेला काही दिसत नाही, पण जे तिला दिसत होते ते सगळे आता व्हीपीएन कंपनीला दिसते. शिवाय एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने काढलेल्या निर्देशांनुसार अशा कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते व त्यांना दिलेले आयपी पत्ते पाच वर्षे जपून ठेवायचे आहेत.

टॉरची रचना मुळातच वेगळी आहे. १९९०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत तिची कल्पना निघाली, आणि २००६ पासून एक ना-नफा संस्था तिचे काम पाहते. आपला ब्राउझर प्रत्येक विनंतीवर कूटलेखनाचे तीन थर चढवतो आणि ती तीन रिलेंमधून, म्हणजे वाटेवरच्या तीन संगणकांमधून, पाठवतो. प्रत्येक रिले आपल्या वाट्याचा एकच थर सोलतो. पहिल्याला, म्हणजे गार्डला, आपण कोण ते कळते पण कोठे चाललो ते कळत नाही. शेवटच्याला ठिकाण कळते पण माणूस कळत नाही. मधल्याला फक्त आपले दोन शेजारी माहीत असतात. सगळे ठाऊक असलेला वाटेवर कोणीच नसतो, आणि टॉरचे सगळे बळ यातच आहे.

टॉर ब्राउझर टॉर प्रोजेक्टच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावा आणि शक्य असल्यास सोबतची डिजिटल सही तपासून घ्यावी. अँड्रॉइड फोनसाठीही तो उपलब्ध आहे. उघडल्यावर ‘कनेक्ट’ दाबावे. जोडणी अडवली जात असेल तर सेटिंगमधून ब्रिज, म्हणजे जाहीर यादीत नसलेला रिले, निवडावा. पत्त्याच्या पट्टीतले सर्किटचे चिन्ह दाबले की आपली वाट दिसते. मी पाहिले तेव्हा तेथे जर्मनी, फ्रान्स आणि नेदरलँड्स असे तीन टप्पे होते. नवे सर्किट मागितल्यावर पुढचे दोन बदलतात, पहिला मात्र तोच राहतो, आणि यामुळे अनेकजण घाबरतात. हा बिघाड नव्हे. गार्ड वारंवार बदलला तर कधीतरी पाळत ठेवणाऱ्याचाच रिले वाट्याला येण्याची शक्यता वाढते, म्हणून तो मुद्दाम अनेक आठवडे कायम ठेवला जातो.

बहुतेक चुका यानंतर होतात. टॉरमधून आपल्या नेहमीच्या ईमेलमध्ये लॉगिन केले की आपण स्वतःच आपले नाव सांगितले. मग तीन काय, तीस रिले असले तरी उपयोग नाही. वेगळी एक्स्टेन्शन्स जोडू नयेत, कारण या ब्राउझरचे संरक्षण सगळे वापरकर्ते एकसारखे दिसण्यात आहे. शेवटचा रिले साध्या एचटीटीपीचा मजकूर वाचू शकतो, तेव्हा एचटीटीपीएसचा आग्रह सोडू नये. उतरवलेली पीडीएफ इंटरनेट चालू असताना दुसऱ्या ॲपमध्ये उघडू नये, कारण ते ॲप टॉरला वळसा घालून थेट जोडणी करू शकते. टॉर फक्त टीसीपी या एकाच पद्धतीची वाहतूक वाहून नेतो, म्हणून टोरेंटसारखी कामे त्यावरून केल्यास खरा आयपी पत्ता बाहेर पडतो. बँकेचे व्यवहार तर येथे करूच नयेत : बँक आपल्याला ओळखतेच, आणि परदेशी पत्त्यावरून लॉगिन दिसल्यास ती खाते रोखू शकते.

एखाद्या जाणकाराला दुसरे ॲप टॉरमधून चालवायचे असेल, तर टॉर ब्राउझर चालू ठेवून त्या ॲपला सॉक्स५ प्रॉक्सी म्हणून आपल्याच यंत्राचे ९१५० हे पोर्ट द्यावे, आणि डीएनएसची विचारणाही प्रॉक्सीमधूनच जाईल अशी खूण आठवणीने करावी. ती राहिली तर मजकूर टॉरमधून जातो आणि संकेतस्थळाचे नाव पुन्हा राउटरच्या लॉगमध्ये उमटते.

टॉर वापरत आहोत ही गोष्ट मात्र नेटवर्कला सहसा कळते, आणि वाटेची दोन्ही टोके एकाच वेळी पाहू शकणारा वेळा जुळवून माणूस ओळखू शकतो. अभ्यासिकेच्या राउटरपाशी ही ताकद नसते. ती मुलगी कोण याची चौकशी न करता, मी मालकांच्या परवानगीने तेथील लॉग बंद केला. त्याआधी माझ्या फोनवर टॉर ब्राउझरमधून सिकलसेलचेच एक पान उघडून पाहिले होते. लॉगमध्ये माझ्या फोनसमोर त्या संकेतस्थळाचे नाव आले नाही. घरच्या राउटरवर ही चाचणी पाच मिनिटांत करता येते.