जोडीदाराच्या व्हिसासाठी नातलगांनी पत्र कसे लिहावे

कोल्हापूरची मुलगी लग्नानंतर अमेरिकेला किंवा ऑस्ट्रेलियाला नवऱ्याकडे जाणार असली, की अर्जासोबत जोडण्यासाठी मामा, आत्या आणि मैत्रिणी यांच्याकडून पत्रे मागवली जातात, आणि बहुतेक जण ती स्थळ सुचवल्याच्या थाटात लिहितात: मुलगा निर्व्यसनी, मुलगी मनमिळाऊ, दोन्ही घराणी प्रतिष्ठित. अधिकाऱ्याला यातील काहीही नको असते. हे नाते खरे आहे की केवळ व्हिसासाठी जुळवलेले आहे, एवढेच त्याला ठरवायचे असते. म्हणून पत्र साक्ष दिल्याप्रमाणे लिहावे आणि स्वतः पाहिले, ऐकले तेवढेच त्यात घालावे.

आरंभी लिहिणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि दोघांशी असलेले नाते द्यावे. अमेरिकेच्या आय-१३० या, जोडीदारासारख्या जवळच्या नातलगाला तिकडे नेण्यासाठी करायच्या अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात लिहिणाऱ्याची जन्मतारीख व जन्मस्थळही लागते, शिवाय या विवाहाची माहिती आपल्याला कशी झाली हे सविस्तर सांगावे लागते. ऑस्ट्रेलियात अशा निवेदनासाठी फॉर्म ८८८ आहे. तेथे आर्थिक व्यवहार, घरातील व्यवस्था, समाजातील वावर आणि परस्परांशी बांधिलकी या चार अंगांनी नाते तपासले जाते. एकाच पत्रात ही चारही अंगे कोंबण्याची गरज नाही. ज्याला जे ठाऊक आहे त्याने ते लिहावे.

पत्राचा खरा भार प्रसंगांवर असतो. ‘दोघांचे एकमेकांवर फार प्रेम आहे’ या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी, २०२३ च्या अधिक श्रावणात जावई धोंड्याच्या जेवणाला राजारामपुरीतील घरी आले, दुसऱ्या दिवशी दोघे जोतिबाला जाऊन आले, आणि पुढे सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांनी परदेशातून रोज चौकशी केली, असे लिहिले तर अधिकाऱ्याच्या हाती काही पडते. मात्र अधिक महिना म्हणजे काय आणि त्यात जावयाला का बोलावतात, हे एका वाक्यात सांगावे, आणि तिथीऐवजी इंग्रजी तारीख द्यावी. (तो अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा होता.) आपल्याकडे वडीलधारी माणसे सणावारावरून काळ लक्षात ठेवतात, त्यामुळे जुन्या फोटोंशी ताडून पाहावे आणि तरीही तारीख आठवली नाही तर फक्त महिना लिहावा, कारण अंदाजाने लिहिलेली तारीख अर्जातील तारखेशी जुळली नाही, तर नसती शंका उभी राहते.

लग्नाला आधी घरचा विरोध होता किंवा कोणाचा पूर्वी घटस्फोट झाला होता, हे लपवण्याकडे नातलगांचा कल असतो. ते झाकू नये. विरोध का होता आणि तो कसा मावळला हे सांगणारे आत्याचे पत्र, माझ्या मते, दहा गोडगोड पत्रांहून अधिक विश्वसनीय ठरते. मात्र काय उघड करायचे हे त्या दोघांना विचारूनच ठरवावे. एकाने लिहिलेला मसुदा व्हॉट्सॲपवर फिरवून सर्वांनी नावे बदलून सह्या करणे, हा तर सर्वांत घातक प्रकार आहे.

नावे पासपोर्टप्रमाणे लिहावीत. घरी हाक मारायचे किंवा लग्नानंतर बदललेले नाव वेगळे असेल तर तसे एकदा नमूद करावे. आजीने मराठीतच लिहावे. सोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावे. अमेरिकेसाठी ते अचूक असल्याचे आणि आपण त्यास सक्षम असल्याचे भाषांतरकाराने सही करून प्रमाणित करावे लागते. नोटरी करायची असल्यास पत्रावर घरी सही करून नेऊ नये, नोटरीसमोरच करावी, आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. पत्रात फोन क्रमांक असा द्यावा की जो लिहिणारी व्यक्ती स्वतः उचलते, आणि पत्राची एक प्रत तिच्याकडे राहू द्यावी, कारण चौकशी झालीच तर ती काही महिन्यांनी होऊ शकते.