उन्हाळ्यात गाई-म्हशी भरवताना माजाची वेळ साधावी

उन्हाचा ताप वाढला की जनावरे उलटण्याचे, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येण्याचे प्रमाण वाढते आणि दोष बहुधा रेतमात्रेला (वीर्याच्या मात्रेला) दिला जातो. रेतन (गर्भाशयात वीर्य सोडणे) चुकीच्या वेळी झाले काय, किंवा रेतनानंतर जनावर उन्हात तापले काय, हे त्याआधी तपासावे.

गाईचा माज, म्हणजे ती भरवून घेण्यास तयार असण्याचा काळ, साधारण 12 ते 18 तास टिकतो, स्त्रीबीज मात्र माज संपल्यावर 10 ते 12 तासांनी अंडाशयातून सुटते आणि त्यानंतर जेमतेम 8 ते 10 तासच फलनक्षम राहते. शुक्राणू गाईच्या शरीरात सुमारे एक दिवस टिकतात, पण पोहोचताक्षणी ते बीजात शिरू शकत नाहीत. रेतनानंतर काही मिनिटांतच थोडे शुक्राणू बीजवाहिनीत ढकलले जातात. ते बहुतेक मृत असतात. उपयोगाचे शुक्राणू गर्भाशयाच्या आकुंचनाच्या साहाय्याने काही तासांनी तेथे पोहोचतात, वाहिनीच्या अरुंद भागात अस्तराला चिकटून थांबतात आणि तेथेच फलनासाठी तयार होतात. बीज येण्यापूर्वी ही तयारी पूर्ण व्हावी, पण शुक्राणूंचे आयुष्यही संपू नये, म्हणून सकाळी माज दिसल्यास त्याच संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्यावे.

दुसरे जनावर अंगावर चढले असता गाय स्थिर उभी राहते, ती माजाची सर्वांत खात्रीची खूण होय. म्हशीत ही खूण क्वचितच दिसते. उन्हाळ्यात तिचा माज मुका राहतो, म्हणजे ठळक खुणा दिसत नाहीत, आणि बहुधा रात्री येतो. त्यामुळे रात्री झोपण्यापूर्वी व पहाटे गोठ्यात फेरी मारून निरणाची (योनीमुखाची) सूज, शेपटीला चिकटलेला काचेसारखा स्वच्छ सोट (चिकट स्राव) आणि वारंवार थोडी थोडी लघवी याकडे लक्ष द्यावे.

रेतनाच्या वेळी जनावराला पळवू किंवा मारू नये, कारण भीतीमुळे गर्भाशयाचे आकुंचन मंदावते आणि शुक्राणूंची वाटचाल अडते. रेतकांडी (गोठवलेल्या वीर्याची नळी) 37 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 30 सेकंद ठेवून, कोरडी पुसून लगेच वापरली जावी, तिच्यावर ऊन पडू नये आणि वीर्य गर्भाशयमुख ओलांडताच सोडले जावे, याकडे पशुपालकाने स्वतः लक्ष द्यावे.

रेतन झाले की काम संपले, असे समजणे महागात पडते. फलित बीज चार-पाच दिवस बीजवाहिनीतच वाढते आणि त्यातील पहिले दोन-तीन दिवस उष्णतेला ते फार हळवे असते. या काळात जनावर दिवसभर सावलीत ठेवावे, थंड पाणी सतत समोर असावे आणि दुपारी अंगावर पाणी फवारून वारा द्यावा. नंतर 18व्या ते 24व्या दिवसापर्यंत ते उलटते काय, हे पाहावे.

माजानंतर एक-दोन दिवसांनी काही गाईंच्या निरणातून थोडे रक्त येते. त्यावरून गाय गाभण राहिली की नाही, हे ठरत नाही. मात्र माज न दिसता असे रक्त दिसल्यास माज हुकला असे समजावे, त्या वेळी रेतन करू नये, तारीख लिहून ठेवावी आणि 16व्या दिवसापासून पुढच्या माजावर नजर ठेवावी.