मुहूर्त धरून फोटोंचं वेळापत्रक: इंदूरच्या लग्नाचा माझा अनुभव

भाचीचं लग्न डिसेंबरात, मुहूर्त दुपारी सव्वाबाराचा. फोटोग्राफरने सगळ्या विधींना सरसकट अर्धा-अर्धा तास लिहून दिला होता. आपल्याकडे ते चालत नाही, मुहूर्त हलत नाही. म्हणून मी गुरुजींकडे बसून क्रम लिहून घेतला आणि मुहूर्तापासून उलटं मोजत गेलो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला साड्यांनी. गौरीहर पुजायला पिवळी अष्टपुत्री, नंतर शालू, शिवाय केस आणि मुंडावळ्या. साडी बदलायला पाऊण तास वेगळा धरला, तेव्हा कुठे सप्तपदीची घाई टळली.

घरच्यांचे फोटो मुहूर्ताआधीच, पोह्यांचा नाश्ता झाल्यावर घेतले. पंगत बसली की माणसं सापडत नाहीत! नावांची यादी भाच्याकडे दिली, कारण मी मामा, मला वधूच्या मागे उभं राहायचं होतं.

अंतरपाट दूर होतो तो क्षण पुन्हा मिळत नाही. अक्षता आधीच वाटल्या आणि बोहल्यासमोरची मधली वाट मोकळी ठेवायला सांगितलं. होमाच्या वेळी धूर ज्या बाजूला जातो त्याच्या विरुद्ध बाजूला कॅमेरा.

दोघांचे निवांत फोटो मात्र दुपारी नकोतच, डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. डिसेंबरात इंदुरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून साडेचारलाच दोघांना कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या दगडी स्मारकांपाशी, पोहोचवलं. राजवाड्याजवळची गर्दी धरून निघायची वेळ चारची ठेवली होती.