विकतची लीड घेताना: कोकणातल्या विमा प्रतिनिधीसाठी

लीड म्हणजे संभाव्य ग्राहकाचे नाव आणि नंबर. ती विकणारा पहिल्याच फोनवर दोन आकडे सांगतो: लीड किती मिळतील आणि एका लीडला किती रुपये पडतील. सौदा या दोन आकड्यांवर ठरवू नये. त्याआधी विचारायचे ते असे: या माणसाने आपला नंबर कुठे भरला, किती दिवसांपूर्वी भरला, भरताना त्याच्यासमोर नेमकी कोणती जाहिरात होती आणि हाच नंबर आणखी किती एजंटांकडे जाणार आहे. उत्तरे व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लेखी घ्यावीत. जो लेखी द्यायला टाळतो, त्याच्याकडून एकही लीड घेऊ नये.

बाजारात लीड या एकाच नावाखाली निरनिराळा माल विकला जातो. सगळ्यात स्वस्त असते ती नुसती यादी. त्यात नावे आणि नंबर असतात, पण त्या माणसांनी विम्याची चौकशी कधीच केलेली नसते. ती फुकट मिळाली तरी घेऊ नये, कारण खाली येईलच. सामायिक लीडमध्ये चौकशी खरी असते, पण ती एकाच वेळी तीन-चार जणांना विकलेली असते, त्यामुळे जो आधी फोन करतो त्यालाच तिचा उपयोग होतो. तिसरी लीड फक्त तुम्हालाच दिलेली, म्हणून महाग. शिळी लीड म्हणजे महिना-दोन महिन्यांपूर्वीची चौकशी. ती फारच स्वस्त असेल आणि हातात वेळ असेल तरच घ्यावी.

आधी पिनकोड, मग पैसे

कोकणात सर्वात जास्त पैसे वाया जातात ते पत्त्याच्या घोळात. विक्रेता म्हणतो, "415 चे सगळे पिन रत्नागिरीचे." ते खरे नाही. सातारा 415001 आणि कराड 415110 हेही 415 मध्येच येतात. उलट लांजा (416701) आणि राजापूर (416702) रत्नागिरी जिल्ह्यात असूनही त्यांचे पिन 416 ने सुरू होतात, आणि त्याच 416 मध्ये कोल्हापूर शहरही येते. नुसता 'खेड' शब्द टाकून जाहिरात चालवली तर पुण्याजवळच्या खेडची, म्हणजे राजगुरुनगरची माणसे यादीत येतात. म्हणून विक्रेत्याला तालुक्याचे नाव न देता सहा अंकी पिनची यादी द्यावी: चिपळूण 415605, दापोली 415712, गुहागर 415703, कणकवली 416602, मालवण 416606 अशी. यादीबाहेरच्या पिनची लीड आली तर बदलून मिळेल, हेही लिहून घ्यावे.

नकाशावर वर्तुळ काढून जाहिरात चालवणाऱ्याला खाड्या दिसत नाहीत. गुहागरभोवती पंचवीस किलोमीटरचे वर्तुळ काढले की दाभोळ खाडीपलीकडची दापोलीची गावेही आत येतात. तिथे भेटीला जायचे तर दाभोळ-धोपावे फेरीबोट पकडावी लागते, नाहीतर चिपळूण-खेडवरून लांबचा वळसा. जयगड-तवसाळला तीच गत. एका भेटीत अख्खा दिवस गेला तर ती लीड स्वस्त पडली असे म्हणता येत नाही.

फॉर्मवर काय लिहिले होते ते पाहा

जाहिरात आणि फॉर्म या दोन्हींचा स्क्रीनशॉट मागावा. नुसते 'विमा योजना, लगेच अर्ज करा' असे लिहिले असेल तर आंबा-काजूचे बागायतदार हवामान आधारित फळपीक विम्याची भरपाई मिळेल या समजुतीने नंबर भरतात. बरेच जण सरकारची 436 रुपयांची जीवनज्योती किंवा 20 रुपयांची सुरक्षा विमा योजना समजून भरतात. आरोग्य विम्याच्या फॉर्मवर 'पाच लाखांचे कार्ड' असे शब्द असतील तर आयुष्मान कार्ड हवे असलेली माणसे येतात. यात त्या माणसांची चूक नाही, पण तुमच्यासाठी या लीडचा उपयोग नाही. चांगल्या फॉर्मवर विम्याचा प्रकार स्पष्ट असतो (टर्म म्हणजे ठरावीक मुदतीचा जीवन विमा, आरोग्य, दुकान किंवा बोट). वय, फोनची सोयीची वेळ आणि 'विमा प्रतिनिधीने फोन केलेला चालेल' ही संमती मराठीत असते.

जाहिरातीत तुमच्या कंपनीचे किंवा योजनेचे नाव येणार असेल तर त्या मजकुराला कंपनीची लेखी मंजुरी आधी हवी. ती जबाबदारी विक्रेत्यावर ढकलता येत नाही.

संमती नसेल तर नंबर अडचणीचा

व्यावसायिक फोनसाठी दूरसंचार नियामक 'ट्राय'चे 2018 चे नियम लागू आहेत. आपल्या साध्या दहा अंकी मोबाइलवरून अनोळखी माणसांना विम्याचे फोन लावत बसलात तर ते 1909 वर तक्रार करू शकतात. फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीनंतर दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या तरी कारवाई होऊ शकते. एजंटाचा नंबर बंद झाला तर जुने पॉलिसीधारकही तुटतात. नुसती यादी नको म्हटले ते यासाठीच. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियमही नोव्हेंबर 2025 मध्ये आले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यामुळे प्रत्येक लीडबरोबर संमतीची तारीख आणि वेळ मागून घ्यावी आणि ती जपून ठेवावी. माणसाने "परत फोन करू नका" म्हटले तर त्याचा नंबर त्याच दिवशी काढून टाकावा.

'पॉलिसी झाली तर कमिशनमधले इतके टक्के' असा व्यवहार विक्रेत्याशी कधीही करू नये. विमा कायदा 1938 च्या कलम 40 प्रमाणे विमा मिळवून देण्याचा मोबदला एजंट किंवा अधिकृत मध्यस्थ सोडून इतरांना देता येत नाही. लीडचा ठरावीक दर देण्यापूर्वीही आपल्या शाखेला लेखी विचारावे. सामायिक लीडमध्ये दुसरा एजंट "पहिला हप्ता मी भरतो" म्हणत असेल तरी त्याच्या मागे जाऊ नये. कमिशनचा वाटा ग्राहकाला देणे कलम 41 ने मना आहे.

पहिली खरेदी चाळीसची

शंभर-दोनशेचे पॅकेज पहिल्यांदा घेऊच नये. चाळीस लीड घ्याव्यात, त्याही एकदम नको. रोज पाच याप्रमाणे आठ दिवस, म्हणजे प्रत्येकीला वेळेवर फोन होईल. चुकीचा नंबर, यादीबाहेरचा पिन, दुबार नाव आणि "मी काही भरलेच नाही" या चार कारणांसाठी लीड बदलून मिळावी आणि तक्रारीला किमान तीन दिवस असावेत. फोन उचलला नाही एवढ्यावरून कोणी लीड बदलून देत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये.

हिशेब असा मांडा. समजा लीड 150 रुपयांची आहे, चाळीसचे 6,000 झाले. बावीस जणांनी फोन उचलला, सात जण नीट बोलले, चार भेटी झाल्या, दोन पॉलिसी निघाल्या. भेटींचे पेट्रोल 1,200. एकूण 7,200, म्हणजे एका पॉलिसीमागे 3,600 रुपये. पहिल्या वर्षाचे कमिशन यापेक्षा बरेच जास्त असेल तरच दुसरी खरेदी. 400 रुपयांच्या पंधरा लीडमधूनही दोनच पॉलिसी निघाल्या, तर तो मालही तेवढ्यालाच पडला, उलट पंचवीस फोन वाचले. लीडचा दर पाहू नका, पॉलिसीमागचा खर्च पाहा. ग्राहकाला पॉलिसी परत करायला तीस दिवसांचा फ्री लूक असतो, म्हणून हा हिशेब पॉलिसी दिल्याच्या दिवशी पक्का होत नाही, ते तीस दिवस सरल्यावरच होतो.

फोन कधी, कुणाला

लीड आली की पंधरा मिनिटांत पहिला फोन करावा. लागला नाही तर संध्याकाळी पुन्हा, मग दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी. डोंगराआडच्या वाड्यांत रेंज नसते, तिथे कॉलबरोबर नाव, कंपनी आणि 'तुम्ही अमुक तारखेला चौकशी केली होती' असा दोन ओळींचा संदेश ठेवावा. हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना मच्छीमाराला फोन करू नये.

गावातल्या कुटुंबात फॉर्म भरणारा एक आणि हप्ता भरणारा दुसरा, असे फार वेळा होते. वडील इथे, मुलगा मुंबईत. पहिल्याच फोनवर "हप्ता कोण भरणार?" हे अदबीने विचारून घ्यावे. उत्तर "मुंबईचा मुलगा" असे आले तर भेट गणपतीत किंवा शिमग्याला ठेवावी, तोवर मुलाशी फोनवर बोलणे सुरू करावे.

खरेदीचा हंगामही पैशाच्या हंगामाशी जुळवावा. बागायतदाराच्या लीड एप्रिल-मेमध्ये घ्याव्यात, हापूसचे पैसे हातात येत असतात तेव्हा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत बंदरावरच्या लीड घेऊन उपयोग नाही. ऑगस्टमध्ये बोटी निघाल्यावरही पहिले पैसे डिझेल, बर्फ आणि जाळ्यांत जातात, म्हणून सप्टेंबरचा शेवट बरा. आणि ज्या दर्यावर्दी कुटुंबाचे उत्पन्न हंगामी आहे, त्याला मासिक हप्ता गळ्यात मारू नये. वार्षिक हप्ता हंगामात बसवून द्यावा, नाहीतर जून-जुलैत हप्ता चुकून पॉलिसी लॅप्स होते, म्हणजे बंद पडते.